ईमेलच्या शेवटी आपोआप येणारी स्वाक्षरी कशी तयार करावी

एखाद्या अनोळखी व्यक्तीचा कामाचा ईमेल यावा, तो वाचून तिच्याशी लगेच फोनवर बोलण्याची गरज भासावी आणि मजकुराच्या शेवटी केवळ तिचे पहिले नाव सापडावे, असे झाले की वाचणाऱ्याला आधीचे ईमेल उघडत, संस्थेच्या संकेतस्थळावर शोध घेत बसावे लागते. ही शोधाशोध वाचवण्यासाठी प्रत्येक ईमेल सेवेत स्वाक्षरीची सोय असते. आपले नाव, पद, संस्था आणि संपर्काचा तपशील एकदाच लिहून ठेवला की तो मजकूर प्रत्येक नव्या ईमेलच्या शेवटी आपोआप येतो. ही सोय सुरू करायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्या स्वाक्षरीत काय लिहायचे हे ठरवण्याचे आणि ती समोरच्याच्या पडद्यावर कशी दिसते हे तपासण्याचे असते. म्हणून सेटिंग्ज उघडण्याआधी कागदावर किंवा साध्या टिपणवहीत मजकूर तयार करून घ्यावा.

मजकूर काय असावा

पहिल्या ओळीत पूर्ण नाव, दुसऱ्या ओळीत पद किंवा कामाचे स्वरूप व संस्थेचे नाव, तिसऱ्या ओळीत दूरध्वनी क्रमांक आणि चौथ्या ओळीत, आवश्यकता असेल तरच, संकेतस्थळाचा पत्ता, एवढ्या चार ओळी बहुतेकांना पुरतात. चार ओळींचा हा संकेत बराच जुना आहे. इंटरनेटवरील शिष्टाचाराचे मार्गदर्शन करणारा ‘आरएफसी १८५५’ हा दस्तऐवज १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातही स्वाक्षरी चार ओळींपेक्षा मोठी नसावी असे सुचवलेले आहे. तेव्हा इंटरनेटची जोडणी मंद होती आणि प्रत्येक अक्षराला किंमत होती. आज ती अडचण उरलेली नाही, पण ईमेल वाचला जाणारा फोनचा पडदा लहान असतो आणि दोन ओळींच्या उत्तराखाली दहा ओळींची स्वाक्षरी आली की उत्तरच शोधावे लागते, त्यामुळे हा संकेत आजही तितकाच उपयोगी आहे.

दूरध्वनी क्रमांक देशाच्या संकेतांकासह, आरंभी अधिकचे चिन्ह लावून लिहावा, म्हणजे परदेशातील वाचकालाही तो थेट लावता येतो. आपला ईमेल पत्ता स्वाक्षरीत पुन्हा लिहिण्याची सहसा गरज नसते, कारण तो ईमेलच्या वरच्या भागात दिसतच असतो. तरीही आपले ईमेल पुढे पाठवले जात असतील किंवा छापून फाइलला लावले जात असतील, तर तो लिहिणे सोयीचे ठरते. घरचा पत्ता, जन्मतारीख, खासगी क्रमांक, ओळखपत्रांचे क्रमांक यांपैकी काहीही स्वाक्षरीत घालू नये. आपण ज्याला ईमेल पाठवतो तो ते पुढे कोणाकोणाला पाठवील यावर आपले नियंत्रण राहत नाही आणि त्या प्रत्येकापर्यंत आपली स्वाक्षरीही पोहोचत असते.

‘कळावे’, ‘आपला विश्वासू’, ‘लोभ असावा’, ‘धन्यवाद’ यांसारखे समारोपाचे शब्द स्वाक्षरीत कायमचे घालावेत का, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते ते घालू नयेत. वरिष्ठ अधिकाऱ्याला लिहिताना, मित्राला लिहिताना आणि तक्रार करताना समारोप वेगवेगळा होतो. तो दर वेळी हाताने लिहिण्यात क्षणभरच जातो, पण त्यामुळे ईमेल खरोखर त्या व्यक्तीला उद्देशून लिहिला आहे हे जाणवते. सुविचार आणि जाहिरातींच्या पट्ट्यांबाबतही हाच विचार करावा. स्वाक्षरी आपोआप येते, म्हणजेच ती कोणत्या मजकुराखाली येत आहे हे तिला कळत नाही. शोकसंदेशाखाली सवलतीची जाहिरात गेली तर दोष सेटिंगचा असला तरी दुखावली जाते ती समोरची व्यक्ती.

‘हा ईमेल गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करावा’ अशा अर्थाचा मोठा परिच्छेद अनेक ठिकाणी स्वाक्षरीखाली लावलेला दिसतो. संस्थेच्या नियमाने तो आवश्यक असेल तर लावावाच लागेल, पण वैयक्तिक खात्यात त्याचा उपयोग होत नाही. मजकूर वाचून झाल्यावर खाली आलेली सूचना गोपनीयता राखू शकत नाही. काही देशांत मात्र कंपन्यांनी ईमेलमध्ये ठरावीक तपशील देणे कायद्यानेच बंधनकारक आहे. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००७ पासून नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या व्यावसायिक ईमेलमध्ये कंपनीचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीचे ठिकाण आणि कार्यालयाचा पत्ता द्यावा लागतो. म्हणून कंपनीच्या वतीने लिहिणाऱ्यांनी आपल्या संस्थेचा ठरलेला नमुना आहे का, याची चौकशी आधी करावी.

जीमेलमध्ये स्वाक्षरी बसवणे

संगणकावरील ब्राउझरमध्ये जीमेल उघडून उजव्या कोपऱ्यातील दातेरी चाकाच्या चिन्हावर क्लिक करावे आणि ‘सी ऑल सेटिंग्ज’ हा पर्याय निवडावा. पहिल्याच ‘जनरल’ या टॅबमध्ये बरेच खाली गेल्यावर ‘सिग्नेचर’ हा विभाग येतो. तेथे ‘क्रिएट न्यू’ वर क्लिक करून स्वाक्षरीला एखादे नाव द्यावे, जसे ‘कार्यालयीन’ किंवा ‘खासगी’. हे नाव फक्त आपल्यासाठी असते, ते ईमेल मिळणाऱ्याला दिसत नाही. त्यानंतर शेजारच्या चौकटीत तयार केलेला मजकूर टाकावा. या मजकुरासाठी दहा हजार अक्षरांची मर्यादा आहे, म्हणजे साध्या स्वाक्षरीला ती कधीच अपुरी पडणार नाही.

मजकूर वर्डमधून किंवा एखाद्या संकेतस्थळावरून थेट चिकटवला तर त्यासोबत अदृश्य स्वरूपण येते आणि अक्षरांचे आकार, ओळींमधील अंतर व पार्श्वभूमीचा रंग विचित्र दिसू लागतो. त्यामुळे विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबून केवळ मजकूर चिकटवावा आणि ठळकपणा किंवा दुवा जे काही हवे असेल ते जीमेलच्याच पट्टीतून द्यावे.

चौकटीच्या खाली ‘सिग्नेचर डिफॉल्ट्स’ असे शीर्षक असते आणि लोकांचे सर्वाधिक दुर्लक्ष तेथेच होते. स्वाक्षरी तयार केली म्हणजे ती आपोआप येईलच असे नाही. नव्या ईमेलसाठी कोणती स्वाक्षरी वापरायची आणि उत्तर देताना किंवा पुढे पाठवताना कोणती वापरायची, हे तेथील दोन यादींमधून स्वतंत्रपणे निवडावे लागते. दोन्ही ठिकाणी ‘नो सिग्नेचर’ राहिले असेल, तर स्वाक्षरी जतन होऊनही एकाही ईमेलखाली दिसणार नाही. एकाच जीमेलमधून अनेक पत्त्यांच्या नावे ईमेल पाठवत असाल, तर याच जागी प्रत्येक पत्त्यासाठी वेगळी स्वाक्षरी ठरवता येते.

यानंतर एक छोटा चौकोन येतो. तो निवडल्यास उत्तर देताना स्वाक्षरी आधीच्या मजकुराच्या वर येते आणि तिच्याआधी येणाऱ्या दोन आडव्या रेघा नाहीशा होतात. उत्तर वरच्या बाजूला लिहिण्याची पद्धत असलेल्यांनी तो निवडावा, नाहीतर आपली स्वाक्षरी लांबलचक संभाषणाच्या तळाशी जाते, जेथे कोणीही पोहोचत नाही. शेवटी पानाच्या अगदी तळाशी असलेले ‘सेव्ह चेंजेस’ हे बटण दाबणे अनिवार्य आहे. ते न दाबता पान सोडले तर केलेले सारे काम वाया जाते.

एकापेक्षा अधिक स्वाक्षऱ्या तयार केल्या असतील तर ईमेल लिहिण्याच्या चौकटीत खाली असलेल्या पेनाच्या चिन्हावरून त्या एका ईमेलपुरती वेगळी स्वाक्षरी निवडता येते. नव्या ईमेलसाठी पूर्ण आणि उत्तरांसाठी फक्त नाव व दूरध्वनी क्रमांक असलेली छोटी, अशा दोन स्वाक्षऱ्या ठेवण्याची पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. रजेवर असताना जीमेलचे आपोआप उत्तर सुरू केले तर त्याखालीही आपली स्वाक्षरी जाते, त्यामुळे रजेच्या मजकुरात नाव आणि पद पुन्हा लिहिण्याचे कारण नाही.

आउटलुक, ॲपल मेल आणि थंडरबर्ड

आउटलुकच्या संगणकावरील पारंपरिक आवृत्तीत ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘मेल’ आणि ‘सिग्नेचर्स’ या क्रमाने गेल्यावर स्वाक्षरीची खिडकी उघडते. तेथे ‘न्यू’ वर क्लिक करून नाव द्यावे, खालील चौकटीत मजकूर लिहावा आणि उजव्या बाजूला खाते, नवे ईमेल आणि उत्तरे यांसाठी स्वतंत्र निवड करावी. नव्या आउटलुकमध्ये आणि ब्राउझरमधील आउटलुकमध्ये हीच सोय दातेरी चाकाच्या सेटिंग्जमध्ये आहे. आवृत्तीनुसार ती ‘अकाउंट्स’ किंवा ‘मेल’ या विभागात सापडते, त्यामुळे शोधण्यापेक्षा सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सिग्नेचर’ लिहिणे अधिक जलद होते. पारंपरिक आउटलुक प्रत्येक स्वाक्षरीच्या फाइली संगणकावरच ‘सिग्नेचर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यात एक फाइल वेबपानाच्या स्वरूपाची, एक स्वरूपित मजकुराची आणि एक साध्या मजकुराची असते. संगणक बदलण्यापूर्वी हा फोल्डर जपून ठेवला तर स्वाक्षरी नव्याने तयार करावी लागत नाही.

मॅकवरील मेलमध्ये ‘मेल’ या मेनूतून ‘सेटिंग्ज’ उघडून ‘सिग्नेचर्स’ या टॅबवर जावे. जुन्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’ऐवजी ‘प्रेफरन्सेस’ असे लिहिलेले आढळेल. डाव्या स्तंभात आधी आपले खाते निवडावे आणि मगच अधिकच्या चिन्हावर क्लिक करावे. ‘ऑल सिग्नेचर्स’ निवडलेले असताना स्वाक्षरी तयार केली तर ती कोणत्याही खात्याशी जोडली जात नाही आणि नंतर ती ओढून खात्यावर नेऊन सोडावी लागते. शेवटी ‘चूज सिग्नेचर’ या यादीतून ती निवडली की ती आपोआप येऊ लागते.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये खात्याच्या सेटिंग्जमध्येच स्वाक्षरीची चौकट दिसते. स्वरूपित स्वाक्षरी हवी असल्यास एचटीएमएल, म्हणजे वेबपाने ज्या भाषेत लिहितात ती, वापरण्याचा चौकोन निवडावा किंवा तयार फाइल जोडावी. थंडरबर्ड स्वाक्षरीच्या आधी दोन आडव्या रेघा आणि एक रिकामी जागा असलेली ओळ घालते. हा इंटरनेटवरील जुन्या चर्चागटांच्या, म्हणजे न्यूजग्रुपच्या काळापासूनचा संकेत असून २००४ च्या ‘आरएफसी ३६७६’ मध्ये त्याची नोंद आहे. या ओळीखालचा मजकूर म्हणजे स्वाक्षरी, असे काही ईमेल प्रणाली ओळखतात आणि उत्तर देताना तो भाग वगळतात. त्यामुळे संभाषण लांबले तरी एकच स्वाक्षरी वीस वेळा साचत नाही.

फोनवरची स्वाक्षरी

संगणकावर नीट बसवलेली स्वाक्षरी फोनवरून पाठवलेल्या ईमेलखालीही जाईल, अशी समजूत सर्वत्र आढळते, पण फोनवरील ॲपमध्ये ती बहुधा वेगळी ठरवावी लागते. अँड्रॉइडवरील जीमेलमध्ये डाव्या कोपऱ्यातील तीन रेघांचा मेनू उघडून ‘सेटिंग्ज’, मग आपले खाते आणि मग ‘मोबाइल सिग्नेचर’ येथे मजकूर लिहावा. येथे फक्त साधा मजकूर चालतो, चित्र किंवा रंग देता येत नाहीत. आयफोनवरील मेलची स्वाक्षरी मेल ॲपमध्ये नसून फोनच्या सेटिंग्जमध्ये असते. तेथे ‘मेल’ उघडून ‘सिग्नेचर’ निवडावे. आयओएस १८ पासून ‘मेल’ हे ‘ॲप्स’ या विभागाच्या आत गेले आहे. एकाहून अधिक खाती असतील तर प्रत्येकासाठी वेगळी स्वाक्षरी ठेवण्याचा पर्यायही तेथेच मिळतो. ‘सेंट फ्रॉम माय आयफोन’ किंवा आउटलुकच्या ॲपमधील तशीच ओळ काहीही न ठरवता आधीपासून लावलेली असते. ती काढून तेथे आपले नाव व क्रमांक लिहिणे हे फोनवर करण्यासारखे पहिले काम आहे, कारण ती ओळ वाचणाऱ्याला पाठवणाऱ्याविषयी उपयोगाचे काहीच सांगत नाही.

चित्र, रंग आणि देवनागरी मजकूर

संपूर्ण स्वाक्षरी एखाद्या चित्रात बसवून ते चित्र लावण्याची पद्धत टाळावी. अनेक ईमेल प्रणाली बाहेरून येणारी चित्रे वाचकाने परवानगी देईपर्यंत दाखवत नाहीत, त्यामुळे त्या जागी रिकामी चौकट उरते. चित्रातील क्रमांकावर बोट ठेवून फोन लावता येत नाही, तो निवडून उतरवून घेता येत नाही आणि पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधारे ईमेल ऐकणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीपर्यंत त्यातला एक शब्दही पोहोचत नाही. चित्र लावायचेच असेल तर ते संस्थेच्या छोट्या बोधचिन्हापुरते असावे, त्याला शक्य तेथे पर्यायी मजकूर, म्हणजे चित्र न दिसल्यास त्याऐवजी वाचला जाणारा मजकूर, द्यावा आणि नाव, पद, क्रमांक हे सारे खऱ्या अक्षरांत लिहावे. जीमेलमध्ये गुगल ड्राइव्हवरील चित्र लावल्यास ते सर्वांना पाहता येईल अशा परवानगीने ठेवलेले असावे लागते, अन्यथा आपल्याला दिसणारे चित्र इतरांना दिसत नाही.

बोधचिन्ह काळ्या रंगाचे आणि पारदर्शक पार्श्वभूमीचे असेल तर गडद रंगसंगती लावलेल्या पडद्यावर ते नाहीसे होते. त्याला पांढरी पार्श्वभूमी किंवा पांढरी कडा द्यावी. फिकट करड्या रंगातील बारीक अक्षरे देखणी वाटली तरी वयस्कर वाचकाला ती वाचता येत नाहीत, म्हणून मजकुराचा रंग बदलूच नये हे बरे. स्तंभ, रेघा, गोलाकार छायाचित्रे अशी गुंतागुंतीची मांडणीही जोखमीची असते. पारंपरिक आउटलुक २००७ च्या आवृत्तीपासून ईमेल दाखवण्यासाठी वर्डची यंत्रणा वापरते आणि ब्राउझरमध्ये नीट दिसणारी रचना त्यात विस्कटते. शिवाय अशा रचनेमागचा दडलेला कोड प्रत्येक उत्तरागणिक वाढत जातो आणि ईमेल सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढे गेला की जीमेल त्याचा पुढचा भाग कापून ‘पूर्ण संदेश पाहा’ असा दुवा दाखवते.

स्वाक्षरी देवनागरीत लिहिताना ती युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरांसाठी ठरलेल्या सामायिक संगणकीय पद्धतीतच, टंकलेली असली पाहिजे. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. युनिकोड असेल तर विंडोजवर निर्मला, ॲपलच्या उपकरणांवर कोहिनूर आणि अँड्रॉइडवर नोटो यांसारखा तेथे उपलब्ध असलेला देवनागरी फॉन्ट आपोआप वापरला जातो, त्यामुळे एखादा खास फॉन्ट निवडण्याचा आग्रह धरू नये. ज्यांचा पत्रव्यवहार दोन भाषांत चालतो त्यांनी एकाच स्वाक्षरीत दोन्ही लिपी भरण्यापेक्षा दोन स्वतंत्र स्वाक्षऱ्या कराव्यात आणि ईमेलच्या भाषेनुसार निवडाव्यात. दूरध्वनी क्रमांक मात्र दोन्हींमध्ये आंतरराष्ट्रीय अंकांत लिहिलेला चांगला, कारण मराठी ईमेल मराठी न वाचणाऱ्याकडेही पुढे जाऊ शकतो.

पाठवण्यापूर्वी तपासणी

स्वाक्षरी जतन केल्यावर स्वतःलाच एक ईमेल पाठवून थांबू नये, कारण त्याच सेवेत पाठवलेला ईमेल जवळजवळ नेहमीच ठीक दिसतो. दुसऱ्या सेवेवरील आपल्या खात्याला किंवा एखाद्या सहकाऱ्याला ईमेल पाठवावा, तो संगणकावर आणि फोनवर उघडावा, फोन गडद रंगसंगतीत करून पाहावा, प्रत्येक दुवा उघडतो का हे बघावे आणि क्रमांकावर बोट ठेवून फोन लागतो का हेही तपासावे. त्यानंतर त्या ईमेलला उत्तर मागवून त्यावर पुन्हा उत्तर द्यावे, म्हणजे संभाषणात स्वाक्षरी कोठे येते आणि दोनदा तर येत नाही ना, हे समजते. साध्या मजकुराच्या स्वरूपात ईमेल पाठवूनही एकदा पाहावा. त्या स्वरूपात ठळकपणा, रंग आणि चित्रे गळून पडतात आणि उरलेल्या ओळी अर्थपूर्ण वाटल्या तर स्वाक्षरी योग्य बांधली गेली आहे असे समजावे.

स्वाक्षरी येतच नसेल तर ‘सेव्ह’ झाले होते का, नव्या ईमेलसाठी ती निवडली आहे का आणि ज्या पत्त्यावरून पाठवत आहोत त्याच पत्त्याला ती जोडलेली आहे का, या तीन गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. संस्थेच्या खात्यात दोन स्वाक्षऱ्या दिसू लागल्या तर बहुधा एक आपण लावलेली असते आणि दुसरी संस्थेच्या सर्व्हरने पाठवताना जोडलेली असते. अशा वेळी आपली काढून टाकावी किंवा संगणक विभागाशी बोलावे.

या स्वाक्षरीचा डिजिटल स्वाक्षरीशी, म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करणाऱ्या स्वाक्षरीशी, काहीही संबंध नाही, हेही लक्षात ठेवणे गरजेचे आहे. ईमेलखालचा मजकूर कोणीही, कोणाच्याही नावाने टंकू शकतो. त्यात बँकेचे नाव, अधिकाऱ्याचे पद आणि बोधचिन्ह हुबेहूब असले तरी तो ईमेल खरोखर तेथूनच आला आहे असे सिद्ध होत नाही. पैसे, परवलीचे शब्द किंवा कागदपत्रे मागणारा ईमेल आला तर त्याच्या स्वाक्षरीतील क्रमांकावर फोन न करता, आपल्याकडे आधीपासून असलेल्या किंवा संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरून मिळवलेल्या क्रमांकावर खात्री करून घ्यावी. ज्यांना आपल्या ईमेलची सत्यता तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची असते ते एस-माइम किंवा पीजीपी या पद्धती वापरतात आणि त्यांची मांडणी पूर्णपणे वेगळी असते.

पद, क्रमांक किंवा कार्यालय बदलले की त्याच दिवशी स्वाक्षरी बदलावी, आणि ती संगणकावर, फोनवर व टॅबलेटवर अशा प्रत्येक ठिकाणी बदलावी. जुना क्रमांक असलेली स्वाक्षरी अजिबात नसलेल्या स्वाक्षरीपेक्षा अधिक त्रासाची असते, कारण वाचणारा त्या क्रमांकावर विश्वास ठेवून फोन लावत राहतो.